हातात एक राहू दे

बांगडी फुटली असं आमच्या घरात कधी कोणी म्हटलं नाही. बांगडी वाढली म्हणायचं. दुकानातली पेटी हातातून निसटून सगळा माल फरशीवर खळ्ळकन सांडला तरी अम्मी कपाळावर हात मारून म्हणायची, "वाढल्या गं बाई, सगळ्या वाढल्या!" नुकसान झालं तरी शब्द वाढीचाच. पुढे आयुष्यात मी पुष्कळ नुकसानं पाहिली, पण त्यांना इतका चांगला शब्द कोणी दिला नाही.

आमचं घर वरोऱ्याच्या मण्यारांचं. बांगड्या भरणं हाच पिढीजात धंदा. अब्बा दुकान पाहायचे आणि अम्मी डोक्यावर टोपली घेऊन खेडी फिरायची, चिमूरच्या रस्त्याने पार जंगलापर्यंत. आता दुकान माझ्या मुलाकडे आहे. त्यात मोबाइलची कव्हरं आणि केसांच्या क्लिपा जास्त, काचेच्या बांगड्या मागच्या एका फळीवर, खोक्यांवर धूळ. मी सत्तरी ओलांडली. दुपारची दुकानात बसते. मुलगा म्हणतो, अम्मी, तू गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहतच नाहीस, मनगटाकडे पाहतेस. खरं आहे त्याचं. चेहरे मी विसरते, मनगटं नाही.

गेल्या महिन्यात फोन आला. जंगलाकडच्या एका गावातून, सरिता नावाच्या पोरीचा. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथे राहतात.

"मण्यारीन आजी, बुधाआजी बोलावून राह्यली तुमाले. हिरव्या बांगड्या घेऊन या म्हंते."

"कोणासाठी गं?"

"तिच्याचसाठी. आनं म्हंते, पोराले नोको पाठवू, तूच ये."

सरिता बुधीच्या शेजारची. बुधी माझ्याच वयाची. आधी अम्मी तिच्या गावी जायची, अम्मी गेल्यावर बुधी स्वतःच वर्षातून एकदा वरोऱ्याला यायची आणि दुकानाच्या पायरीवर बसून माझ्यापुढे हात करायची. गेली काही वर्षं गुडघ्यांपायी तिचं येणं थांबलं होतं. मी माळ्यावरून अम्मीची बांबूची टोपली काढली. काचेला वास नसतो म्हणतात, पण टोपलीला होता. बांगड्या ज्या पेंढ्यात यायच्या त्या पेंढ्याचा, ओल्या फडक्याचा आणि अम्मीच्या पानातल्या तंबाखूचा. मी थोडा वेळ टोपलीत तोंड घालून बसले. सुनेने पाहिलं आणि ती आत गेली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. कोळशाचे ट्रक, सोयाबीनची कापलेली शेतं, मग हळूहळू साग सुरू होतो आणि रस्त्यावर सावली येते. त्या सावलीत बस शिरली की मला दरवेळी ते एकच वर्ष आठवतं. लढाईनंतरचं.

नातवाला सांगायला गेले तर तो विचारतो, कोणती लढाई? बांगलादेशची रे बाबा. ती चालू होती तेव्हा आमच्या वरोऱ्यातही अंधार पाळायचे, कारण जवळच दारूगोळ्याचा कारखाना. अब्बांनी खिडक्यांच्या काचांवर बांगड्यांच्या खोक्यातले निळे कागद खळीने चिकटवले होते. लढाई पंधरवड्यात आटोपली, पण ते कागद काढायचं कोणाच्याच मनात येईना. वर्षभर आमच्या घरात भर दुपारीही निळसर उजेड असायचा. त्या वर्षातलं काहीही आठवलं, अगदी रानातलं ऊन आठवलं, तरी मला ते निळसरच दिसतं.

लढाई जिंकल्यावर बाजार चौकात सभा झाली. बँड, पेढे, गुलाल, कापसाच्या बैलबंड्यांवर चढलेली पोरं. एक पुढारी माइक धरून ओरडला, "आम्ही काय हातात बांगड्या भरल्या नाहीत!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. अम्मी तिथेच टोपली घेऊन उभी होती. ती शेजारच्या बाईला म्हणाली, "भरल्या असत्या तं माहा धंदा दुप्पट झाला असता न बाई." आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. अठरा वर्षांची होते, कशालाही हसायचे.

त्या संक्रांतीसाठी फिरोजाबादहून जो माल आला त्यातल्या एका नमुन्याचं नाव होतं 'विजय'. गडद हिरवी बांगडी आणि तिच्यावर केसाएवढी सोनेरी रेघ. नावं ठेवायला लोकांना काय लागतं! आदल्या वर्षी गावभर डोळे आले होते, त्या साथीला 'जय बांगला' म्हणत होते. पण बांगडी मात्र देखणी होती. हप्त्याभरात संपली. अम्मीने बुधीसाठी म्हणून तिच्या मापाच्या थोड्या बाजूला काढून ठेवल्या.

बुधीचं लग्न लढाईच्या आदल्या उन्हाळ्यातलं. गोंडाचं घर, जंगलाच्या कडेला चार एकर धान, दोन बैल. लग्नाचा चुडा आम्हीच भरला होता. अम्मी उजवा हात भरायची आणि मी डावा, अशी आमची वाटणी. बुधीचा नवरा मनिराम हा त्या गावातून फौजेत गेलेला पहिलाच. रजेवर आला की पायात बूट घालून औत हाकायचा आणि अख्खं गाव बांधावर उभं राहून पाहायचं. रजा अर्धी राहिली असताना त्याला परत बोलावलं. फाट्यावर बसच्या पायरीवर उभा राहून तो अम्मीला म्हणाला होता, "मण्यारीन बाई, आता आलो का इले वरोऱ्याच्या दुकानात आणतो. टोपलीतला माल नोको आमाले." अम्मीने हात उगारला, तो हसत आत गेला. बसच्या मागे उडालेली धूळ बराच वेळ सागाच्या पानांवर बसत होती.

त्याच्याबद्दल तार आली ती एवढीच, की सापडत नाही. गेला असं नाही आणि आहे असंही नाही. संक्रांतीआधी आम्ही तिच्या अंगणात टोपली उतरवली तेव्हा बुधीने दोन्ही हात पुढे केले, नेहमीसारखे. अम्मी थबकली. सवाष्णीचा हात कसा धरायचा ते तिला ठाऊक होतं, विधवा समोर आली तर नजर कशी वळवायची तेही ठाऊक होतं. हा हात तिसराच होता. तिने बुधीच्या सासूकडे पाहिलं.

"भरा न बाई," सासू म्हणाली. "तो कुठीतरी असनच."

इथे आमच्या धंद्याचा एक नियम सांगायला हवा. सवाष्णीचा हात उघडा पडू द्यायचा नाही. जुन्या बांगड्या उतरवायच्या, पण एक ठेवायची, आणि नवी चढली की मगच ती काढायची. 'हातात एक राहू दे', हे अम्मीने मला शिकवलेलं धंद्यातलं पहिलं वाक्य. मी चुकले की ती माझ्या बोटांवर चापट मारायची. बुधीलाही तो नियम पाठ होता. अम्मीने तिचे हात 'विजय'ने भरले. शेवटी नेहमीप्रमाणे वरची एक फुकटची चढवली. बुधी पाया पडली. भरून झालं की बाई मण्यारणीच्या पाया पडते आणि मण्यारीण म्हणते, "चुडा राहो." अम्मी म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

त्या वर्षी गावातला एकुलता एक रेडिओ शाळामास्तरांच्या ओसरीवर असायचा. तिकडच्या रेडिओवर म्हणे पकडलेल्या शिपायांची नावं सांगतात. खरखर, शिट्ट्या, मधेच गाणं, मधेच अनोळखी गावांची अनोळखी नावं. बाया डोक्यावर पदर घेऊन ऐकत बसायच्या आणि एक नाव संपलं की सगळ्या बुधीकडे पाहायच्या. एकदा आम्ही तिथे असताना सासू अम्मीला म्हणाली, अगदी भोळेपणाने, "मण्यारीन बाई, तुमच्या तिकडच्या लोकाईले विचारा न, माहा मनिराम कुठी हाय ते."

अम्मीने टोपलीवरचं फडकं नीट केलं.

"माहं तिकडे कोणी नाई बाई," ती म्हणाली. "माहे सारे वरोऱ्यातच गाडले हायेत."

त्या वर्षी असे प्रश्न वरोऱ्यातही यायचे आणि सगळेच भोळे नसायचे. पण हा एक अम्मीला लागला, कारण विचारणारीवर तिला रागावता येत नव्हतं.

मोहाची फुलं पडायच्या दिवसांत मी बुधीकडे दोन रात्री राहिले होते. अम्मीला पुढच्या गावांना जायचं होतं आणि माझ्या टाचेला काटा लागून ती सुजली होती. पहाटे बुधीने मला उठवलं. लंगडत तिच्यामागे गेले. झाडाखाली जाळलेल्या पाल्याची काळी राख आणि तिच्यावर टपटप पडणारी फुलं. तो वास गोड असतो पण डोक्यात चढतो, उपाशीपोटी तर गरगरतं. बुधी फुलं वेचताना मधेच थांबायची आणि दोन्ही हात वर करून बांगड्या वाजवायची.

"काऊन गं?"

"अस्वल येते मव्हा खाले. आवाज आला का दूर राह्यते." मग पुन्हा वाकली आणि हसत म्हणाली, "आनं त्यालेही ऐकू जाते."

त्याला म्हणजे कोणाला, ते मी विचारलं नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. झाडांमागे अजून उजाडलं नव्हतं आणि फुलं पडत होती.

मनिरामचा धाकटा भाऊ सुखरू. बुधीहून वर्ष दोन वर्षांनी लहान. बोलायचा कमी, कामाला बैल. वहिनीशी बोलताना मान खाली. पण दर बाजारच्या दिवशी हातातलं काम टाकून फाट्यावर जायचा, वरोऱ्याहून येणारी बस पाहायला. बस थांबायची, माणसं उतरायची, तो एकेकाचं तोंड पाहायचा. बस गेली की परत फिरायचा. अंगणात आल्यावर बुधी तांब्याभर पाणी द्यायची, तो प्यायचा. पुढे पोरं त्याला चिडवायला लागली, सुखरूचं लगन एसटीसंग झालं म्हणून.

उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडताना पाऱ्याने कहर केला, आणि त्यानंतर पावसाने दगाच दिला. धान रोवायची बांधी, म्हणजे बांध घातलेली शेतं, भेगाळून पडली. रेशनवर परदेशातली तांबडी ज्वारी यायला लागली, मिलो म्हणायचे तिला. भाकर थापली की चिरायची आणि तिचा वास अंगाला लागायचा. त्या वर्षी सगळ्या देशात काही ना काही चालू होतं. निवडणूक झाली, भिंती रंगल्या. पत्रावर निर्वासितांसाठी वेगळं तिकीट लावावं लागायचं. शिमल्याला करार झाला. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेत लाडू वाटले. या सगळ्या मोठ्या बातम्या त्या अंगणापर्यंत पोचायच्या त्या एकाच प्रश्नाच्या होऊन. करार झाला म्हंता, मंग कैदी सोडतीन का? पंचवीस वर्षं झाली म्हंता, त्या खुशीत सोडतीन का?

पोळ्याला आम्ही गेलो तर बुधीने विचारलं, "ते विजयवाल्या हायेत का अजून? एक जोड ठेवून द्या. तो आला का भरतो."

अम्मी म्हणाली, ठेवते. त्या तर कधीच संपल्या होत्या. घरी आल्यावर तिने अब्बांकरवी फिरोजाबादला निरोप धाडला. तो नमुना आता निघत नाही असं उत्तर आलं. विजयसुद्धा एका हंगामापुरताच होता.

हिवाळ्यात कैदी सुटले. सरहद्दीवरून चालत आले, हारतुरे, फोटो छापून आले. मास्तरांनी पेपर आणला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही फोटोतला एकेक चेहरा पाहिला. सुखरू तर चंद्रपूरपर्यंत जाऊन विचारून आला. मनिराम त्यांच्यात नव्हता. कोणाला त्याच्याबद्दल काही ठाऊकही नव्हतं.

मग सासऱ्याचा निरोप आला, टोपली घेऊन या.

मला वाटलं होतं रडारड असेल. तसं नव्हतं. अंगण सारवलं होतं. गावातली चार जाणती माणसं बसली होती. त्यांच्यात रीत अशी, की मोठा भाऊ गेला तर धाकट्याने भावजयीला बांगडी भरायची आणि तिला आपली म्हणायची. तिने उभा जन्म एकटीने काढावा असं त्या घराला वाटत नव्हतं. आमच्याकडच्या आणि बामणवाड्यातल्या कितीतरी विधवांपेक्षा मला ते बरं वाटलं. सासूने अम्मीला बजावलं, "फोडू नोका बाई, उतरवजा. पोरीचा हात कापन." सुखरू धुतलेलं धोतर नेसून बाजूला बसला होता. त्याच्या हातात एक नवी बांगडी होती. तिच्याकडे पाहत तो तिला बोटावर फिरवत होता.

बुधी आमच्यामध्ये बसली. तिला विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं, ती काही बोलली नव्हती, आणि न बोलण्याचा अर्थ लोक आपल्या सोयीने लावतात. मी साबणाचं पाणी लावून डावा हात रिकामा केला. अम्मीने उजवा. बांगड्या एकेक करून फडक्यावर ठेवल्या. मग अम्मी मागे सरकली आणि सासऱ्याने सुखरूला खूण केली.

बुधीने आपल्या हातांकडे पाहिलं. डावा उघडा होता. उजव्या मनगटावर एक बांगडी होती.

जन्मभराची सवय. अम्मीच्या बोटांनी ती ठेवली होती, जशी हजार बायांच्या हातात ठेवली होती.

"एक राह्यली," बुधी म्हणाली.

"काढतो न बाई, काढतो." अम्मीने घाईने हात पुढे केला. बुधीने दुसऱ्या हाताने मनगट झाकून घेतलं.

"नाई. तुमीच म्हंता न, हातात एक राहू दे. तुमच्याच हातानं राह्यली." तिचे डोळे चमकत होते, मला भीती वाटावी इतके. "म्हंजे तो हाय."

सासरा समजुतीने म्हणाला, "अवं बाई, ते सवयीनं राह्यलं असन. विचार मण्यारीन बाईले."

सगळे अम्मीकडे पाहायला लागले. एक वाक्य पुरे होतं. माझा हात चुकला, एवढं. अम्मीने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मी तिच्या इतकी जवळ होते की तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती काहीच बोलली नाही.

शेवटी सुखरू उठला. हातातली बांगडी त्याने आमच्या टोपलीत ठेवली, हळूच, वाजणार नाही अशी. "राहू द्या," म्हणाला आणि बैल सोडायला गेला. अम्मीने बुधीचे दोन्ही हात पुन्हा भरले. बुधी पाया पडली तेव्हा अम्मीने पाय मागे ओढून घेतले आणि आशीर्वाद दिला नाही.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी अम्मीने खिडक्यांवरचे निळे कागद ओल्या फडक्याने खरडून काढले. अब्बा म्हणाले, आज काय सुचलं? ती खरडत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, दोन पोरं झाली, नवरा तसा बरा होता, गेला. माझं चारचौघींसारखं झालं. बुधीचं नाही झालं. सासूसासरे गेले. सुखरूने लग्न केलं नाही. एकाच अंगणात दोन खोल्या, मधे तुळईवर टांगलेलं औत. ती रांधायची, तो कमवायचा, आणि बाजारच्या दिवशी फाट्यावर जायचा. लोक आधी कुजबुजले, मग हसले, मग विसरले.

अम्मी विसरली नाही. म्हातारपणी भाजी निवडतानाही मधेच तिचे हात थांबायचे. "एक लफ्ज था," म्हणायची, "एक लफ्ज मेरे मुँह से नहीं निकला." मी चिडायचे. सवयीने राहिली ना, मग तुझा काय दोष? तर म्हणायची, "हाथ चूका या मैंने चूकने दिया, अल्लाह जाने." शेवटच्या आजारात ग्लानीत माझं मनगट धरून चाचपत राहायची, एक आहे की नाही ते.

बस फाट्यावर थांबली. सरिता घ्यायला आली होती, स्कूटी घेऊन. टोपली मांडीवर घेऊन मागे बसले. सत्तरीच्या मण्यारणीची ही वरात पाहून रस्त्यातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली.

अंगण तेच, वर आता पत्रे. खाटेवर सुखरू. डोळ्यात मोतीबिंदू, पाय सुजलेले. बुधी भिंतीला टेकून बसली होती. मी आधी मनगट पाहिलं. अडीचच्या मापाचा हात होता तिचा, आता सव्वादोनची बांगडीही फिरली असती. दोन्ही हातांत जुन्या, रेघाळलेल्या हिरव्या.

"आलीस," ती म्हणाली. "बस. याचं फाट्यावर जाणं बंद झालं आता. सालभर झालं."

"दिसतही नाई मले," सुखरू खाटेवरून म्हणाला. "कोण उतरलं, काय समजते?"

बुधीने माझ्यासमोर हात केले. "काढ. साऱ्या काढ. एकही ठेवू नोको."

माझे हात मांडीवरच राहिले. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तुह्या अम्मीचा हात चुकला होता, मले तवाच समजलं होतं."

"काय?"

"मले काई तरी पाह्यजे होतं धराले. ते तिनं देल्लं. तिले सांगाचं होतं का बाई, तू नोको मनाले लावून घेऊ. जवा जवा ते आली, तवा राहून गेलं."

मला राग आला. खरंच सांगते, इतका राग मला नवऱ्याचाही कधी आला नव्हता. तीस वर्षं माझी अम्मी त्या एका बांगडीखाली दबून राहिली आणि हिचं म्हणे राहून गेलं! मी काहीतरी कडू बोलणार होते. पण तिच्या मनगटावरची कातडी कागदासारखी झाली होती आणि तिच्यावर ओरडणं माझ्याच्याने झालं नाही. तिचंही काय उरलं होतं? अम्मीने एक शब्द गिळला, हिनेही एक गिळला, आणि खाटेवरचा तो म्हातारा दोघींच्या मधल्या रस्त्यावर पन्नास वर्षं बस पाहत उभा राहिला.

मी साबणाचं पाणी मागितलं.

डावा हात झाला. उजव्या हाताच्या निघाल्या, एक राहिली. माझी बोटं तिथे आपोआप थांबली. बुधी वाट पाहत होती. मी ती बांगडी धरली, तिच्या अंगठ्याचा उंचवटा दाबला आणि काढली. त्या क्षणी बुधीने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. सरितानेही पाहिलं, तिला तर काहीच माहीत नव्हतं. मीही पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. ऊन होतं.

"आता त्याच्या हातात दे," बुधी म्हणाली.

सुखरूला आम्ही खाटेवरून खाली बसवलं. बांगडी हातात दिल्यावर त्याला ती काय आहे हे कळायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा झाला की सरिता उठून चुलीकडे गेली. त्याची बोटं नांगराची, जाड. पहिली बांगडी तिच्या बोटांच्या पेरावरच कट्‌कन तुटली. त्याने आंधळ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरासारखं घाबरून.

"वाढली," मी म्हणाले. "वाढू द्या भाऊ. दुसरी घ्या."

बुधी हसली. मोहाखाली हसायची तशी. दुसरी चढली, मी त्याच्या हातावर हात ठेवला होता. मग बाकीच्या मी भरल्या, आज डावाही माझा आणि उजवाही, आणि वरची एक फुकटची. बुधीला वाकता येत नव्हतं, तिने नुसता हात माझ्या पायाकडे नेला. मी पाय मागे घेतला नाही. अम्मीचं राहिलेलं मी म्हणाले, "चुडा राहो."

निघताना तिने ती काढलेली शेवटची बांगडी माझ्या तळहातावर ठेवली. "तुह्या घरची हाय. घेऊन जाय."

फाट्यावर सरिता मला सोडून गेली. टोपली खाली ठेवून मी सागाच्या सावलीत उभी राहिले. बांगडी कुठे ठेवावी सुचेना. टोपलीत ठेवली तर वाढेल, पदराला बांधली तर टोचेल. शेवटी मनगटात घातली. नवरा गेल्यापासून माझे हात उघडेच होते. सैल होती, पण राहिली.

वरोऱ्याहून येणारी बस आली. मला तिच्यात बसायचं नव्हतं, माझी उलट्या दिशेची. ती थांबली, दार उघडलं, धूळ बसेपर्यंत माणसं उतरत राहिली. मी एकेकाचं तोंड पाहिलं.